शंकेचा क्रेट

नाही, नाही, नाही… 'सोप्पं' हा शब्द माझ्यासमोर काढूच नका! कामाला जाणाऱ्या आयांसाठी घर आवरायची सोप्पी पद्धत, रोज थोडं थोडं, केलेलं कळणारसुद्धा नाही म्हणे… अहो, ज्या कामाबद्दल एखादी बाई 'कळणारसुद्धा नाही' असं म्हणते ना, ते काम दुसरंच कुणीतरी करत असतं, हे मी तुम्हाला लिहून देते! आता तुम्ही मनात म्हणाल, ही बाई संशयी आहे. आहे! अहो, संशयाचाच पगार मिळतो मला.

म्हणजे काय, तर लोक घरबसल्या वस्तू मागवतात, नाही आवडली की परत पाठवतात, आणि ते सगळं परत येतं एका भल्यामोठ्या गोदामात, आणि त्या गोदामात एक टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली मी. 'एकदाही वापरला नाही हो!' असं सांगून परत पाठवलेला बूट मी उलटा करते, तर तळव्याला अख्खी बाग चिकटलेली! कोट, 'नुसता अंगाला लावून बघितला', आणि खिशात अर्धं चघळलेलं चॉकलेट! उशी परत येते… उशी! तिच्यावर केस! का हो, तुम्ही उशी नुसती बघितलीत, तर केस काय स्वतःहून फिरायला आले होते? वास घ्यायचा, शिवण बघायची, आणि माल तीनपैकी एका क्रेटमध्ये टाकायचा. एक क्रेट 'ठीक'चा, एक 'बाद'चा, आणि तिसरा 'शंके'चा. ज्याचा मालक कोण, दोष कुणाचा, काहीच पत्ता लागत नाही ते सगळं शंकेत. वर्षानुवर्षं हे करून माझं नाक असं झालंय की नवऱ्याने नुसतं 'आज छान दिसतेस' म्हटलं तरी मी आधी त्याचे हात बघते, मागे काय लपवलंय!

तर आमच्या मोठ्या जाऊबाई. आम्ही खालच्या मजल्यावर, त्या वरच्या. त्यांना दोन मुलगे, मला एक मुलगी, एक मुलगा. त्यांची नोकरी सकाळची, शाळेच्या ऑफिसात, दुपारी घरी. माझी दिवसभराची. म्हणून शाळा सुटली की माझी दोन्ही जातात वर, मोठ्या काकूकडे, आणि संध्याकाळी मी कामावरून येऊन त्यांना घेऊन खाली येते. उपकार आहेत त्यांचे, नाही कशाला म्हणू? पण तुम्हाला सांगते, मी संध्याकाळी वर जावं आणि दार उघडावं, तर… चार मुलं! चार! दुपारपासून त्या घरात! आणि घर कसं? तर काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं! सोफ्यावर सुरकुती नाही. फरशीवर चुरा नाही. उशा अशा उभ्या की जणू त्यांना कुणी ओरडलंय. आणि चारही मुलं तोंडं धुऊन, भांग पाडून, ओळीत पुस्तकं घेऊन बसलेली. माझा मुलगा, जो घरी कधी सरळ बसल्याचं मी पाहिलेलं नाही, तो मांडी घालून!

आता तुम्हीच सांगा, संशय येणार की नाही?

मी विचारलं ना! म्हटलं, "ताई, चार मुलं सांभाळून तुम्ही घर एवढं लख्ख ठेवता तरी कसं?" तर अशी मान वळवायच्या, असं हसायच्या, आणि म्हणायच्या, "अगंऽऽ, त्यात काय एवढं! रोज थोडं थोडं करायचं. वस्तू हातात आली की जागेवर. संपलं!" संपलं म्हणे! मी खाली येऊन आमचं दार उघडायचे आणि माझंच संपायचं! जेवणाच्या टेबलाखाली खडू, सोफ्याच्या पोटात बिस्किटं, न्हाणीघरात प्लास्टिकचा घोडा… मला वाटायचं, सकाळी आपणच धावपळीत टाकून गेलो असू. सकाळचं कुणाला आठवतंय हो? सकाळी मी पायात दोन बूट एकाच जोडीचे घातले तरी स्वतःची पाठ थोपटते!

चाललं असतं तेही, चालवून घेतलं असतं. पण एक दिवस लेक म्हणाली, "आई, माझा वाढदिवस मोठ्या काकूकडे करू या ना." म्हटलं, का गं? तर पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत म्हणते, "मैत्रिणी येणार आहेत. आपलं घर… तसं आहे ना." तसं! अहो, काहीतरी बोलली असती तर भांडले असते, 'घाणेरडं' म्हणाली असती तर रागावले असते, पण 'तसं'! ते लागलं मला. इथं, बरोब्बर इथं लागलं. पोटच्या पोरीला आपल्या घरात मैत्रीण आणायची लाज वाटावी? मी भांडी घासायला लागले, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. आणि ठरवलं, वाढदिवसापर्यंत हे घर असं करते, असं करते की वरून जाऊबाईंनी खाली येऊन विचारावं, कसं गं जमवतेस? आणि मी मान अशी वळवून म्हणावं, त्यात काय एवढं!

मग काय, ज्याला त्याला पद्धत विचारत सुटले. कामावरची एक मैत्रीण म्हणाली, "रोज एकच खोली घ्यायची." घेतली. मी आतली खोली आवरून वळले तर बाहेरची गेली होती! बाहेरची आवरली तर आतली आपली पूर्ववत! नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, "वहिनी, गाणं लावायचं, गाणं संपेपर्यंत आवरायचं." लावलं. मुलं नाचायला लागली, नाचताना पडदा खाली आला, आता पडदाही आवरायच्या वस्तूंमध्ये! नवऱ्याला म्हटलं, अहो, तुम्हीही काही सुचवा. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, अख्ख्या गावाला नीट दिसावं म्हणून झटतो, पण पायाखालचा टॉवेल काही त्याला दिसत नाही. तो म्हणाला, "तू उगाच मनाला लावून घेतेस. मला तर घर स्वच्छच दिसतंय." म्हटलं, चष्मा कुठाय तुमचा? तर हरवला होता.

शेवटी म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, तू दिवसभर करतेस काय? परत आलेला माल लावतेस ना? मग घरी तेच कर! गोदामातल्या साहेबांना विचारून तीन जुने क्रेट घरी आणले. ठीक, बाद, शंका. दिवाणखान्यात ओळीने मांडले आणि जाहीर करून टाकलं… जमिनीवर जे जे सापडेल ते उचलून मी तपासणार. धड असेल तर 'ठीक', तुटकं असेल तर 'बाद', आणि मालक ठाऊक नसेल तर 'शंका'. शंकेतली वस्तू ज्याला हवी त्याने यायचं आणि ती आपली आहे हे सिद्ध करायचं!

काय सांगू तुम्हाला, घरात कोर्ट भरलं! नवरा आला, "माझा चष्मा दे." म्हटलं, पुरावा? "अगं, माझ्या नाकावर बसतो!" म्हटलं, नाकं सगळ्यांनाच असतात. मुलगा आला, "ही माझी गाडी." पुरावा? तर म्हणे, "हिच्या चाकात माझा दात अडकलाय." बघितलं, खरंच होता! दिली. लेक आली, पण ती काही मागायला नाही… ती लांबूनच म्हणाली, "आई, वाढदिवसाच्या दिवशी हे क्रेट लपवशील ना?"

पण पद्धत लागू पडली हं. ठीकचा क्रेट रोज रिकामा व्हायचा, बादचा कचऱ्यात जायचा, आणि शंकेचा मात्र… भरतच चालला. एक निळा मोजा, एवढासा. डब्याचं एक झाकण, ज्याचा डबा आमच्याकडे नाही. माकडाचा मुखवटा. आणि एक बूट, लहान मुलाचा, डाव्या पायाचा. मी सगळ्यांना उभं केलं. हा मोजा कुणाचा? माझा नाही. झाकण? माझं नाही. बूट? तोही कुणाचा नाही. आणि नवरा… ऐका हं… नवरा आवाज खाली आणून म्हणतो कसा, "तू कामावरून तर काही… म्हणजे चुकून हं… पिशवीत आलं असेल."

माझ्यावर! दुनियेवर संशय घ्यायचा पगार खाणाऱ्या बाईवर, तिच्याच घरात संशय! आणि वाईट काय सांगू, मलाही वाटलं, आलं असेल तर? थकलेली असते मी, टेबलावरून काही पिशवीत सरकलं असेल तर? अहो, नोकरी जाईल! झोप लागेना. सकाळी उठून तो बूट कागदात गुंडाळून साहेबांसमोर ठेवला आणि म्हटलं, साहेब, हा माझ्या घरी सापडला, मी मुद्दाम नेला नाही, काय ती शिक्षा करा. साहेबांनी बूट बघितला, मला बघितलं, पुन्हा बूट बघितला. म्हणाले, "बाई, असा बूट आपण विकतच नाही. तुम्ही दोन दिवस रजा घ्या, बरं वाटेल." अख्खं गोदाम हसलं! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मी तो बूट घेऊन टेबलाशी आले. आणला आहेच, तर बघू. दिव्याखाली धरला. तळवा… बाहेरच्या बाजूने झिजलेला. टाच वाकडी. म्हणजे चालणारा पाय फेंगडा टाकतो, बदकासारखा. आणि आमच्या अख्ख्या खानदानात असं कोण चालतं? मोठे भाऊजी! आणि त्यांच्यावर गेलेला त्यांचा धाकटा, ढब्बू! ढब्बूचा बूट! वर राहणाऱ्या ढब्बूचा, वर खेळणाऱ्या ढब्बूचा, वर मांडी घालून पुस्तक वाचणाऱ्या ढब्बूचा बूट माझ्या घरात, माझ्या सोफ्याखाली कसा?

आता तुम्हीच सांगा, संशय येणार की नाही? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय!

साहेबांनी रजा देऊ केलीच होती, घेतली. दुपारीच घरी आले, चोरासारखी, माझ्याच घरात! आतल्या खोलीत इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, केव्हाचा, पुरुषभर उंच. त्याच्यामागे जाऊन बसले. त्या ढिगाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच. बसले, बसले, पाय बधिर झाले… आणि कुलपात किल्ली फिरली. किल्ली! आमची एक किल्ली जाऊबाईंकडे असते, अडीअडचणीला म्हणून. दार उघडलं आणि जो काही लोंढा आत आला, अहोऽऽ! दप्तरं उडाली, बूट उडाले, सोफ्याच्या गाद्या निघाल्या, त्यांचा किल्ला झाला, किल्ल्यावर चढाई झाली, माझी लेक सेनापती! 'आपलं घर तसं आहे ना' म्हणणारी माझी लेक, हातात माझी केरसुणी घेऊन ओरडतेय, "खाली पाडा याला!" आणि या सगळ्यात एक हसण्याचा आवाज. मोठ्ठा, खो खो, मोकळा. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी ढिगामागून डोकावले.

जाऊबाई! केस सोडलेले, अंगात जुना ढगळ गाऊन, माझ्या सोफ्याच्या उरलेल्या सांगाड्यावर आडव्या पसरलेल्या, पाय माझ्या टेबलावर, पोटावर बिस्किटांचा पुडा, आणि चुरा… चुरा सरळ फरशीवर!

मी उठले. बूट हातात धरून, एखाद्या फौजदारासारखी बाहेर आले. सेनापतीने केरसुणी पाठीमागे लपवली. माकडाचा मुखवटा शोधणारा ढब्बू म्हणाला, "काकू, तू बूट शोधून दिलास!" जाऊबाईंनी बघितलं. म्हटलं, आता दचकतील, आता पाय खाली घेतील. कसलं काय! "अय्या, आज लवकर?" लवकर? माझ्या घरात मी लवकर! म्हटलं, ताई, हे काय चाललंय? तर म्हणतात, "काय म्हणजे? मुलं खेळतायत." म्हटलं, इथं? "मग कुठे खेळणार, वर? अगं, वर आवरलंय!"

चोर तो चोर, वर शिरजोर! म्हणजे रोज दुपारी हा दंगा माझ्या घरात, आणि मी यायच्या आत वरात वर, तोंडं धुऊन, भांग पाडून, ओळीत पुस्तकं! आणि मी मूर्ख रोज वर जाऊन विचारते, कसं जमवता? मी मुलांकडे वळले, म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? तर माझा मुलगा अगदी सरळ म्हणाला, "इथं कोण खेळतं ते तू विचारलंच नाहीस. तू फक्त ओरडलीस."

मी भांडणार होते, खरंच सांगते, कमरेला पदर खोचलाच होता. तेवढ्यात जाऊबाई उठून बसल्या. पोटावरचा पुडा बाजूला ठेवला. आणि बारीक आवाजात म्हणतात, "अगं, मला वर बसताच येत नाही. बसलं की सोफ्याला खळगा पडतो, खळगा दिसला की मी उठते. तुझे भाऊजी दारात उभे राहून विचारतात, आत येऊ का? एवढं आवरून ठेवलंय, आता बिघडवायची भीती वाटते. इथं आलं की बरं वाटतं. इथं मला कुणी काही म्हणत नाही." म्हटलं, अहो, मी म्हणते ना! तर म्हणाल्या, "तू मनातल्या मनात म्हणतेस. ते चालतं."

आता काय करायचं अशा बाईचं? किल्ली काढून घ्यायची? मग माझी पोरं शाळेतून यायची कुठे? लेकीच्या वेण्या कोण घालतं, मुलाचे पाढे कोण घेतं, तापात उशाशी कोण बसतं? त्याच की! राग घशापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. मी एवढंच म्हटलं, ताई, वर जाण्याआधी जे पडलं असेल ते या तीन क्रेटमध्ये टाकून जायचं. लगेच मान वळवली, हसल्या, "त्यात काय एवढं!"

आणि रात्री लेकीला जवळ घेऊन म्हटलं, बघ, पसारा आपला नव्हताच, मग आता वाढदिवस आपल्याकडे ना? ती म्हणाली, "मला माहितीय गं. पण मैत्रिणींना कुठे माहितीय?"

झाला वर. जाऊबाईंकडे. मैत्रिणी आल्या, दारात बूट काढले, ओळीत ठेवले, ओळीत बसल्या. जाऊबाई हातात फडकं घेऊन मागे उभ्या. केक कापला तो असा, जणू ऑपरेशन! एकीने विचारलं, "काकू, मी हलू का?" कुणी गाणं म्हणेना, कुणी हसेना, भाऊजी दारातच उभे. आणि तेवढ्यात एका पोरीच्या हातातून सरबताचा पेला निसटला, फरशीवर लाल ओहोळ… जाऊबाईंचा चेहरा पांढरा, पोरीचे डोळे भरले, मी जाऊबाईंच्या हातातलं फडकं घेऊन पुसायला लागले, आणि माझी लेक उठून उभी राहिली. नवीन झगा, डोक्यावर कागदी मुकुट. त्या रडणाऱ्या पोरीचा हात धरून म्हणाली, "चला गं सगळ्या खाली! आमच्या घरी! आमच्याकडे सांडलं तरी चालतं!"

आमच्याकडे म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, मोठ्याने म्हणाली. मी ते फडकं तोंडाला लावलं, लाल सरबतासकट.

पुढचं काय सांगू? केक माझ्या सोफ्यावर, सरबत माझ्या भिंतीवर, फुगे माझ्या पंख्यात, भाऊजी माझ्या खुर्चीत पाय पसरून, आणि जाऊबाई? किल्ल्याच्या आत! सगळे गेले तेव्हा आमच्या घराकडे बघून नवऱ्याने स्वतःहून चष्मा काढून ठेवला. जाऊबाई जाताना दारात थांबल्या, सगळीकडे नजर फिरवली, आणि मला म्हणतात कशा, "रोज थोडं थोडं आवरत जा गं. त्यात काय एवढं!" आणि वर गेल्या, लख्ख घरात.

मी वळले. तर लेक शंकेच्या क्रेटमध्ये जाऊन बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणते, "आई, हा माल कुणाचा?" म्हटलं, बघू. दिवा जवळ ओढला. मुकुट फाटलेला. झग्यावर चॉकलेट. कोपराला खरचटलेलं. केसांत केक. वापरलेला, डागाळलेला, वरून परत आलेला… नियमाने सरळ बाद! तिने हात वर केले.

ठेवून घेतला. काय करता? वरच्या घरातून जे जे परत येतं, ते शेवटी माझ्याच टेबलावर येतं.